एकट्याची शर्यत : अभिलाष टॉमी, 'बायानत' आणि शौचालयाचं दार

उद्यमनगरवाला

फुटबॉलच्या धाग्यावर पाटाकडील-दिलबहार रंगात आलेलं असताना मी मधेच शिडाच्या होडीचा विषय काढला, तर सगळ्यांनी मिळून मला हाकललं. 'वेगळा धागा काढ' म्हणाले. काढला. आता या इकडं.

विषय गोल्डन ग्लोब रेस. ४ सप्टेंबर २०२२ ला फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ले साब्ल दोलोन या गावातून सोळा होड्या सुटल्या. होडीत माणूस एकच. केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं केप लीउविन आणि दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न ही तिन्ही टोकं डाव्या हाताला ठेवत पृथ्वीला वळसा घालायचा आणि परत त्याच गावी यायचं. बंदरात शिरायचं नाही, बाहेरची मदत घ्यायची नाही. होडी ३२ ते ३६ फुटी आणि आराखडा १९८८ च्या आधीचा. जीपीएस वापरायचं नाही. एक सीलबंद संच देतात, तो फक्त जिवावर बेतलं तर उघडायचा. बाकी कागदी नकाशे, सेक्स्टंट (सूर्य-तारे क्षितिजापासून किती उंच आहेत ते मोजायचं यंत्र) आणि घड्याळ.

आपल्या नौदलातला निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यात दुसरा आला. २९ एप्रिल २०२३ ला पोचला, २३६ दिवसांनी. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर, त्याच्या दोन दिवस आधी. बातमी आपल्याकडे आली आणि गेली. आयपीएल चालू होती.

हा माणूस आधी २०१८ च्या शर्यतीतही होता. 'थुरिया' नावाची होडी, गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळात ती पालथी झाली, डोलकाठ्या मोडल्या, याच्या पाठीचा कणा जायबंदी. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून जवळजवळ १९०० सागरी मैल लांब. उठता येत नाही, पाणी पोटात ठरत नाही, असा तो तीन दिवस पडून होता. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं २४ तारखेला उचलला. मणक्यात टायटॅनियमचे रॉड घातले, चालायला नव्यानं शिकला, आणि चार वर्षांनी त्याच शर्यतीला परत उभा राहिला. तेसुद्धा सुटायच्या आधी, ऑगस्टमध्ये, स्पेनकडून येताना १८० मीटर लांबीच्या मालवाहू जहाजानं त्याच्या 'बायानत'ला धडक दिली होती. पुढची बाजू मोडली. ती दुरुस्त करून गडी वेळेत हजर.

आता माझ्या आवडीचा भाग. मी लेथवाला माणूस, त्यामुळं माझी नजर शिडावर जात नाही, होडीच्या मागच्या बाजूला बसवलेल्या यंत्रावर जाते. विंडव्हेन म्हणतात. एक फळी उभी असते, वाऱ्याकडं धार करून. होडी रस्ता सोडून वळली की वारा फळीच्या अंगावर येतो आणि ती कलते. कलली की दांडी ओढली जाते आणि खाली पाण्यात सोडलेलं लांब पातं थोडं पिळलं जातं. पिळल्या पात्यावर पळत्या पाण्याचा दाब बसला की ते बाजूला झुलतं, आणि त्याला बांधलेले दोर सुकाणूचा दांडा ओढतात. होडी रस्त्यावर आली की फळी पुन्हा सरळ. वीज नाही, सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही. वारा नुसता इशारा देतो, जोर लावतं पाणी. होडी जेवढी जोरात पळणार तेवढी ताकद जास्त. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

एकटा माणूस आठ महिने दिवसरात्र सुकाणू धरून बसू शकत नाही. म्हणून हे यंत्र गेलं की शर्यत गेली. टॉमीचं हे यंत्र वाटेत मोडत राहिलं, जवळच्या सुट्या फळ्या संपल्या. मग त्यानं होडीतल्या शौचालयाचं दार काढलं आणि कापून त्याची फळी केली. शर्यत पूर्ण केली ती त्या जिवावर.

माझं मत : ही शर्यत वाऱ्यापेक्षा पान्हा-पक्कडीवर जिंकतात. घाला वाद.

पांढरा_रस्सा

नाद खुळा! पण दार काढल्यावर मग कसं?

उद्यमनगरवाला

एकटाच होता की रे. दार लावून करायचं काय?

मृण्मयी_के

धागा छान, पण मत पटलं नाही. वादच हवाय तर घ्या.

एकट्यानं करायच्या शर्यतींमधली खरी मोठी शर्यत व्हांदे ग्लोब. सुटते त्याच ले साब्ल दोलोनमधून, दर चार वर्षांनी, १९८९ पासून. साठ फुटी कार्बनच्या होड्या, दोन्ही बाजूंना फॉइल म्हणजे पंखासारखी पाती, त्यावर होडी पाण्याबाहेर उचलली जाते. २०२४-२५ ला शार्ली दालां ६४ दिवस १९ तासांत आला. आधीचा विक्रम ७४ दिवसांचा होता. तुमच्या टॉमीच्या एका फेरीत आमचा माणूस साडेतीन फेऱ्या मारून आला असता.

आणि तिथं जिंकतात ते डोक्यावर. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मागून मोठं वादळ येत होतं. दालां आणि सेबास्तियां सिमों दक्षिणेकडून त्याच्या पुढं पळत राहिले. योआन रिशोमनं उत्तरेचा सुरक्षित रस्ता धरला आणि बराच मागं पडला. सगळे म्हणाले, संपला हा. पुढं पॅसिफिकमध्ये त्यानं सगळं भरून काढलं आणि केप हॉर्नला दालांच्या नऊ मिनिटं आधी पोचला. अर्धी पृथ्वी पालथी घातल्यावर दोघांत नऊ मिनिटं! शेवटी दालां जिंकला, जवळजवळ एका दिवसानं. यात पान्हा कुठं आला? रोज उपग्रहावरून हवामानाच्या फाइली येतात, त्या वाचून रस्ता ठरवायचा, तो चुकला तर हजार मैलांचा फटका. झोप वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत. अशा डोक्यानं निर्णय घ्यायचे, ती शर्यत.

गोल्डन ग्लोब मला जुन्या गाड्यांच्या रॅलीसारखी वाटते. आदर आहे, पण रेस म्हणायला जीभ वळत नाही.

उद्यमनगरवाला

मृण्मयीताई, व्हांदेतसुद्धा दर वेळी किती होड्या मधेच बाद होतात ते सांगा की. आणि बाद का होतात? रस्ता चुकून का काहीतरी मोडून?

मृण्मयी_के

मोडून. बरोबर आहे. हे मी सांगायला नको होतं, कारण तुम्हाला आवडणार, पण सांगतेच.

२०००-०१ च्या व्हांदेत इव पार्लिए नावाचा फ्रेंच खलाशी होता. दक्षिण महासागरात डोलकाठी मोडली. न्यूझीलंडच्या खालच्या स्टुअर्ट बेटाच्या आडोशाला त्यानं नांगर टाकला. नांगर टाकायला नियमांत परवानगी आहे, किनाऱ्यावरून मदत घ्यायला नाही. कार्बनच्या मोडक्या काठीचे तुकडे त्यानं एकट्यानं जोडले. रेझिन घट्ट व्हायला उष्णता लागते, म्हणून जोडाभोवती आणीबाणीची चंदेरी चादर गुंडाळली, आत विजेचे दिवे सोडले आणि भट्टी तयार केली. अन्न संपत आलं तेव्हा समुद्रातलं शेवाळ आणि मासे खाल्ले. काठी एकट्यानं उभी केली आणि १२६ दिवसांनी शर्यत पूर्ण करून आला.

उद्यमनगरवाला

🙏🙏🙏

बल्बची भट्टी! ताई, हे आधी सांगायचं सोडून तुम्ही दालांचं काय घेऊन बसला होता? माझ्याकडून वाद संपला.

मृण्मयी_के

माझ्याकडून नाही. पार्लिए तेरावा आला. जिंकला देजॉयो, ज्याची काठी शाबूत होती.

शंकासुर

सगळं ऐकायला छान. पण २०१८ ला एका माणसासाठी भारतीय नौदलाचं विमान मॉरिशसहून उडालं, ऑस्ट्रेलियाची विमानं उडाली, फ्रान्सचं जहाज गेलं, मग आपली 'सातपुडा' युद्धनौका त्याला आणायला गेली. हा खर्च कुणी केला? हौस याची, बिल जनतेला. गिर्यारोहकांचंही तेच. मला विरोध करायचा नाही, पण 'नाद खुळा' म्हणताना हेही बोला.

पांढरा_रस्सा

आलं का शंकासुर! आता धागा पन्नाशी गाठणार.

देवबागकर

मी मूळचा मालवणकडचा, नोकरीनिमित्त कोल्हापुरात. घरात मासेमारीच्या होड्या होत्या, त्यामुळं शंकासुरांना उत्तर देतो.

समुद्रात अडकलेल्याला उचलणं हे कुणी उपकार म्हणून करत नाही. तो जगभरच्या जहाजांवर बंधनकारक नियम आहे आणि नियम व्हायच्या आधीपासून ती रीत आहे. आमच्याकडे वैर असलेल्या घरातली होडी बुडत असेल तरी जाळी तोडून जातात, भांडण किनाऱ्यावर आल्यावर पुन्हा सुरू. आज शर्यतवाला अडकला, उद्या ट्रॉलरवाला अडकेल, त्याच यंत्रणेचा सराव होतो.

आणि शर्यतवालेसुद्धा एकमेकांना उचलतात. २०२२ च्या याच शर्यतीत फिनलंडच्या तापियो लेहतिनेनची होडी 'अस्तेरिया' १८ नोव्हेंबरला आफ्रिकेच्या आग्नेयेला, किनाऱ्यापासून साडेचारशे सागरी मैलांवर बुडाली. मागून पाणी शिरलं आणि पाचेक मिनिटांत खलास. माणूस तराफ्यावर. सर्वात जवळ कर्स्टन नॉइशेफर. रात्रभर स्वतः सुकाणू धरून ती तिथवर गेली. पण त्या लाटांत तराफा दिसतो कुठं! तो तिला पाहतोय, ती त्याला पाहत नाही, बिनतारी यंत्रावर तोच तिला दिशा सांगतोय, असं चाललं होतं. शेवटी दोर टाकून त्याला होडीवर घेतला, दोघांनी एकेक घोट रम घेतली आणि थोड्याच वेळात 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर त्याला चढवून दिलं. मग ही बाई परत शर्यतीला लागली. तिला ३५ तासांची सूट मिळाली, पण ती न धरतासुद्धा ती पहिलीच होती. एकट्यानं करायची जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री.

मृण्मयीताई, जुन्या गाड्यांची रॅली म्हणालात म्हणून सांगतो, आमच्या खारवी माणसाला कर्स्टनची होडी 'मिनेहाहा' कळेल. तुमची फॉइलवाली कळणार नाही.

शंकासुर

रमचा मुद्दा मान्य. खर्चाचा मुद्दा तसाच उभा आहे.

भूगोलसर

निवृत्त शिक्षक आहे, जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

जीपीएसशिवाय समुद्रात आपण कुठं आहोत हे कसं कळतं, याचं कोडं पुष्कळांना पडतं. आपण कोल्हापूरकरांनी त्याला घाबरायचं कारण नाही. अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीच्या चरणांवरून मुखापर्यंत चढतात. तारखा पाठ असतील : ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. या दोन तारखांत पावणेतीन महिन्यांचं अंतर, तरी किरण एकाच वाटेनं का? कारण दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सारखाच, सुमारे १७ अंशांवर असतो. एकदा खाली जाताना, एकदा वर येताना. सूर्याच्या या अंशाला क्रांती म्हणतात आणि प्रत्येक दिवसाची क्रांती पंचांगासारख्या तक्त्यात छापलेली असते. टॉमी रोज जे पुस्तक उघडून बसत असेल ते हेच. मंदिर बांधणाऱ्यांनी जागा पक्की धरली आणि त्यावरून किरणांचा दिवस साधला. खलाशी दिवस पक्का धरतो आणि जागा काढतो.

आता करून बघा. गच्चीवर काठी उभी करा. सावली सर्वात आखूड होते तो आपला खरा मध्यान्ह. तो बारा वाजता येत नाही. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली, कोल्हापूर ७४ अंश १४ मिनिटांवर. फरक सव्वाआठ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३ मिनिटं. त्यामुळं आपल्याकडं सूर्य साधारण साडेबाराच्या सुमाराला माथ्यावर. वर्षभरात यात पंधरा-सोळा मिनिटं पुढंमागं होतं, तेही तक्त्यात असतं. मध्यान्हीची ही वेळ कळली की रेखांश मिळाला. त्या क्षणी सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे ते सेक्स्टंटनं मोजलं, तक्त्यातली क्रांती लावली, की अक्षांश मिळाला. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भर मध्यान्ही काठीची सावलीच गायब होते, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही होते, पण तेव्हा ढगांमुळं बघायला मिळत नाही.

हालत्या होडीत हे करायचं म्हणजे तारांबळच. आणि घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर पूर्ण एक सागरी मैल चुकला. आठवडाभर ढग राहिले तर वेग आणि दिशा यांवरून अंदाज, बाकी देवावर हवाला.

पांढरा_रस्सा

सर, शाळेत असं शिकवलं असतं तर मी पेढे विकत बसलो नसतो 😀

भूगोलसर

बाळा, शिकवलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

पांढरा_रस्सा

😂😂 सर ओळखलं काय मला!

बरं, सिरीयस प्रश्न. २०१९ च्या पुरात आम्ही चिखली-आंबेवाडीकडं माणसं काढायला गेलो, तेव्हा बोट यायच्या आधी लोक गुळाच्या काहिलीत बसून येत होते. काहील कशी, जरा कुणी हललं की गरकन फिरणार, कलली की भरली. मग ही बत्तीस फुटी होडी पालथी झाल्यावर बुडत का नाही? थुरिया परत सरळ कशी झाली?

देवबागकर

काहिलीचा बूड गोल आणि हलका, सगळं वजन वर बसलेल्या माणसांचं. या होड्यांचं उलटं. तळातून खाली एक जाड पंखा गेलेला असतो, त्याला कणा म्हणतात, त्यात शिसं नाहीतर लोखंड भरलेलं. बायानतसारख्या जुन्या आराखड्यात हा कणा लांबच लांब असतो आणि सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला बसवलेलं, त्यामुळं आदळआपटीत सुकाणू सहजासहजी तुटत नाही. होडी लाटेनं पूर्ण पालथी पडली तरी ते वजन वर येतं आणि पुढच्या लाटेच्या धक्क्यानं तिला परत फिरवतं. झाकणं घट्ट बंद असतील तर आत पाणी कमी शिरतं. वाट लागते ती वर उभ्या असलेल्या सगळ्याची : डोलकाठी, शिडं, दोर, आणि आतल्या माणसाची.

कणा गेला तर मात्र होडी पालथीच राहते. जानेवारी १९९७ ला व्हांदेतल्या टोनी बुलिमोरचा कणाच तुटला. चार दिवस तो उलट्या होडीच्या आत, अंधारात, गोठवणाऱ्या पाण्याच्या बाजूला बसून होता. ऑस्ट्रेलियन नौदलाची 'ॲडलेड' पोचली, होडीच्या पाठीवर थापा मारल्या, तेव्हा खालून पोहत वर आला.

शंकासुर

बघा, परत नौदल.

करवीर_दप्तर

दोन गोष्टी नोंदवतो, कारण इथं कुणीतरी 'कोल्हापूरचा आणि समुद्राचा काय संबंध' असं म्हणणारच आहे.

पहिली. १८१२ पर्यंत मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर छत्रपतींकडे होते. त्या वर्षीच्या तहात ते इंग्रजांनी घेतले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कोल्हापूरला बंदर होतं, आरमार होतं, आणि त्या आरमाराचा इंग्रजांना त्रासही भरपूर होता. म्हणून तर घेतलं.

दुसरी. या शर्यतीचं मूळ १९६८ चं. नऊजण निघाले, पूर्ण करून आला एकच : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १४ जून १९६८ ला फॅलमथहून निघून २२ एप्रिल १९६९ ला परत, ३१२ दिवस. त्याची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत बांधलेली, सागवानाची. मुंबईच्या सुतारांनी केलेली होडी एकट्यानं न थांबता पृथ्वी फिरून येणारी जगातली पहिली होडी ठरली. टॉमीची थुरिया हिचीच प्रतिकृती होती. त्याच शर्यतीत मॉइतसिए जिंकायच्या बेतात असताना तोंड फिरवून ताहितीला निघून गेला, आणि क्राउहर्स्ट खोट्या जागा कळवत राहिला, शेवटी त्याची रिकामी होडी सापडली. नॉक्स-जॉन्स्टननं बक्षिसाचे ५००० पौंड क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

स्मिता_राजारामपुरी

मी बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहिते. माझी मुलगी नववीत. नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या होडीवरच्या दिलना आणि रूपा या दोघींचं वाचून तिला शिडाची होडी शिकायचीय. घरी म्हणतात, कोल्हापुरात राहून हे कसलं खूळ, पोहायला जा, नेमबाजीला जा, इथं त्याची परंपरा आहे. स्वप्नील कुसाळेचं उदाहरण रोज ऐकवतात. तिला पोहता येतं. पुढं काय करायचं, कुणाला माहिती आहे का?

पांढरा_रस्सा

रंकाळा आहे की! फक्त जलपर्णी नसेल तेव्हा.

मृण्मयी_के

स्मिता, घरी एलेन मॅकआर्थरचं सांग. इंग्लंडमधल्या डर्बीशायरची, म्हणजे समुद्रापासून तिथं जितकं लांब जाता येईल तितकं लांब. शाळेतल्या जेवणाचे पैसे साठवून तिनं पहिली आठ फुटी होडी घेतली. २००१ ला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, व्हांदेत दुसरी आली, ९४ दिवस. पार्लिएवाली शर्यत तीच.

शिकायला गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. आणि समुद्रच हवा असंही नाही. हैदराबादला हुसेनसागर तलावात शिडाच्या होड्यांचं प्रशिक्षण चालतं, तिथं मॉन्सून रेगाटा ही होड्यांची स्पर्धा होते, देशभरातली मुलं येतात. लहान मुलं ऑप्टिमिस्ट नावाच्या छोट्या होडीत शिकतात, नववीतली मुलगी त्याच्या पुढच्या मापाच्या होडीत बसेल. तलावातला वारा सारखा दिशा बदलतो, त्यामुळं हात लवकर तयार होतो. आपल्याकडं राजाराम तलाव, कळंबा आहेत. वारा आहे, पाणी आहे, शिकवणारं कुणी नाही.

देवबागकर

घरच्यांना ॲडमिरल मनोहर आवटींचंही सांगा. व्हाइस ॲडमिरल, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रवाले. निवृत्तीनंतर राहिले कुठं, तर फलटणजवळच्या विंचुर्णीला. तिथं ना समुद्र, ना नदीला पाणी. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे खूळ त्यांचं. नौदलाच्या गळी त्यांनी उतरवलं. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून चार बंदरं घेत १९ मे २०१० ला परतले, एकट्यानं प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. मग त्याच होडीतून टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३, कुठंही न थांबता. थुरिया आणि तारिणीसुद्धा त्याच यार्डातल्या. २०१७-१८ ला तारिणीतून सहाजणी, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये तुमच्या मुलीच्या दिलना आणि रूपा, दोघीच. या शर्यती नव्हेत, नौदलाच्या मोहिमा होत्या. पण टॉमी शर्यतीला उतरला तो या शाळेतून शिकून.

शंकासुर

मुलीला जरूर पाठवा. माझा विरोध खर्चाला आहे, होडीला नाही. आणि दोर-गाठी घरी बसून शिकता येतात, त्याला काही लागत नाही. बोलाइन गाठ आधी शिकवा. ताण आला तरी सरकत नाही आणि नंतर सुटते. मी गिर्यारोहणात होतो.

पांढरा_रस्सा

आँ? शंकासुर गिर्यारोहक?? 'गिर्यारोहकांचंही तेच' कोण म्हणत होतं मगाशी!

शंकासुर

म्हणून तर माहीत आहे खर्च किती येतो.

स्मिता_राजारामपुरी

सगळ्यांचे आभार. मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याचं बघते. घरी आधी विंचुर्णीचं सांगेन, तिकडचे पाहुणे आहेत, ते पटेल.

उद्यमनगरवाला

धागा माझ्या हातातून गेला, पण चांगल्या बंदराला लागला. मृण्मयीताई, तुमचं डोकं आणि माझा पान्हा, बरोबरीत सोडवू.

आता माझं काम. या विंडव्हेनचं चालतं मॉडेल करायचं डोक्यात आहे, लहान मापाचं. कळंब्यात कुणाच्या तरी होडीला बांधून बघू. पात्याचा दांडा आणि दांडी यांच्यामधला कोन किती ठेवायचा हे चित्रावरून कळत नाही. दोन बेव्हल गिअर दिसतात, त्यांनी पातं झुललं की त्याचा पीळ आपोआप परत कमी होतो, नाहीतर होडी नागमोडी जाईल. ते जमेल. बुश पितळी टाकू का?

देवबागकर

कळंब्यात चालेल, समुद्रात नको. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त झिजून जातं, धातू वरून तसाच दिसतो आणि हातात घेतला की चुरा. ब्राँझ किंवा ३१६ स्टेनलेस घ्या, बुश डेलरिन या प्लॅस्टिकचे. ग्रीस लावू नका, वाळू धरतं. आणि फळी प्लायवूडची, जमेल तेवढी हलकी, मागं वजन लावून तोललेली. मंद वाऱ्यात हलली नाही तर काही उपयोग नाही.

उद्यमनगरवाला

३१६ चा बार पडलाय शॉपमध्ये. डेलरिन आणायला लागेल. फळीला प्लाय कुठला, मरीन का साधा?

पांढरा_रस्सा

आमच्या दुकानाच्या मागचं दार काढून देऊ काय?